गरोदरपणातील कोलेस्टेरॉल आणि नवजात बाळाचे आरोग्य: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी या भागांत गरोदर सुनेच्या किंवा लेकीच्या रक्ताच्या रिपोर्टवर 'कोलेस्टेरॉल जास्त' असा शेरा दिसला की घरात काळजी सुरू होते. कोणी तिचे तूप बंद करते, कोणी अंडे. आणि कोणी 'या दिवसांत असे होतेच' असे म्हणून कागद फाईलमध्ये ठेवून देते. यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या स्त्रीच्या बाबतीत योग्य आणि कोणती अयोग्य, हे समजावे म्हणून ही उत्तरे लिहिली आहेत. औषध सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांवरच सोडावा.

सातव्या महिन्यात एकूण कोलेस्टेरॉल २५० आले आहे. हा आजार समजायचा का?

बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल किंचित उतरते. चौथ्या महिन्यापासून ते चढू लागते आणि दिवस भरत येतात तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल (ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते) हे मूळ पातळीपेक्षा साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील दुसऱ्या प्रकारची चरबी, तर दुप्पट ते तिप्पट होतात. रिपोर्टवर छापलेली २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी आहे. गरोदरपणासाठी सर्वत्र मान्य झालेली वेगळी मर्यादा नसल्यामुळे प्रयोगशाळेचे यंत्र तोच जुना आकडा लावून शेरा छापते. लग्नाआधी जिचे कोलेस्टेरॉल १७० होते, तिचे सातव्या-आठव्या महिन्यात २४० ते २५० होणे हे अपेक्षितच आहे.

म्हणून खरा प्रश्न 'आता किती आहे' हा नसून 'दिवस राहण्यापूर्वी किती होते' हा आहे. जिचे मूळचेच २४० होते आणि आता ३४० झाले आहे, तिची गोष्ट वेगळी. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. जुना रिपोर्ट घरात असेल तर तो शोधून डॉक्टरांना दाखवावा. ताज्या रिपोर्टइतकाच तोही उपयोगी पडतो.

शरीर एवढे कोलेस्टेरॉल वाढवते तरी कशासाठी?

बाळासाठी. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, आणि नऊ महिन्यांत एका पेशीपासून पूर्ण बाळ घडायचे म्हणजे या आवरणांना लागणारा माल सतत पुरवावा लागतो. मेंदूची आणि मज्जातंतूंवरील वेष्टनाची घडण त्यावर अवलंबून असते. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वार तयार करते, तेही मुख्यतः आईच्या रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलपासून. गर्भाचे हात, पाय, चेहरा व मेंदू यांची मांडणी ठरवणाऱ्या काही प्रथिनांनाही काम करण्यासाठी कोलेस्टेरॉलची जोड लागते.

ते मिळाले नाही तर काय होते, हे एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावरून कळते. स्मिथ-लेमली-ऑपिट्झ सिंड्रोममध्ये बाळाच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची अखेरची पायरीच अडते. अशा बाळाचे डोके लहान असते, वाढ खुंटते, टाळू दुभंगलेला असू शकतो आणि पायाचे दुसरे व तिसरे बोट बहुधा जोडलेले असते.

आईच्या शरीराचा हिशोब कणगीसारखा असतो: पहिल्या अर्ध्या काळात चरबी साठवायची आणि दुसऱ्या अर्ध्या काळात ती उपसायची. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, साठवलेली चरबी रक्तात उतरते, आई त्यावर आपले काम भागवते आणि साखर व प्रथिनांचे घटक बाळासाठी शिल्लक राहतात. रिपोर्टवर दिसणारी वाढ ही बऱ्याच अंशी या उपशाची नोंद असते.

आईचे वाढलेले कोलेस्टेरॉल जसेच्या तसे बाळाच्या रक्तात जाते का?

नाही. जन्माच्या वेळी नाळेतील रक्त तपासले तर एकूण कोलेस्टेरॉल साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे आईच्या एक चतुर्थांशाच्या आसपास असते. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ आईकडून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलवर अधिक अवलंबून असतो. पुढे त्याचे स्वतःचे यकृत व इतर अवयव ते तयार करू लागतात. त्यामुळे दिवस भरलेल्या बाळाच्या आणि आईच्या आकड्यांचा परस्परसंबंध क्षीणच आढळतो.

मग आईच्या जास्त कोलेस्टेरॉलचा बाळावर काहीच परिणाम होत नाही का?

असे म्हणणेही बरोबर होणार नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर थोडे सावकाश समजून घ्यावे लागते.

इटलीतील नेपल्स येथील संशोधकांनी १९९७ मध्ये, गर्भपात झालेल्या गर्भांच्या महाधमनीचे परीक्षण प्रसिद्ध केले. ज्या मातांचे कोलेस्टेरॉल जास्त होते त्यांच्या गर्भांत धमनीच्या आतील भिंतीवर मेदाच्या रेघा अधिक आणि मोठ्या आढळल्या. त्याच गटाने १९९९ मध्ये, अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या मुलांचा अभ्यास मांडला. मुलांचे स्वतःचे कोलेस्टेरॉल सामान्य असूनही, ज्यांच्या आईचे गरोदरपणी जास्त होते त्यांच्यात या रेघा वयाबरोबर वेगाने वाढत गेलेल्या दिसल्या. हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. तथापि धमनीतील अशा रेघा म्हणजे हृदयविकार नव्हे. त्या बालपणी अनेकांत असतात आणि काही विरूनही जातात. शिवाय आई आणि मूल यांचे जनुक, घरचे खाणे आणि राहणी समान असते, त्यामुळे त्यातला किती भाग गर्भाशयातला आणि किती नंतरचा हे वेगळे काढणे कठीण आहे. या अभ्यासांवरून एखाद्या गरोदर स्त्रीला 'तुझ्या बाळाला पुढे हृदयविकार होणार' असे सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे.

दुसरा परिणाम अधिक जवळचा आहे. ज्या स्त्रियांचे ट्रायग्लिसराइड अपेक्षेपेक्षा बरेच जास्त वाढतात, त्यांच्यात गरोदरपणातील मधुमेह आणि रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने जाण्याचा विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, अधिक प्रमाणात आढळतो. मधुमेह असलेल्या स्त्रीच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडचा बाळाच्या जास्त वजनाशी संबंध दिसतो. आणि असे वजनदार बाळ प्रसूतीत अडचण आणू शकते व जन्मल्यावर त्याची साखर एकाएकी उतरू शकते. रक्तदाबाच्या विकारात उलट घडते: वारेचा रक्तपुरवठा अपुरा पडून बाळ लहान राहते किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्माला घालावे लागते. नवजात बाळाच्या दृष्टीने चिंता करायची ती या वाटेची. म्हणूनच लिपिडचा, म्हणजे रक्तातील मेदाचा, आकडा एकटा वाचू नये, रक्तदाब, साखर आणि वजनवाढ यांच्या शेजारी ठेवून वाचावा.

कोलेस्टेरॉल कमी असेल तर ते चांगलेच ना?

गरोदरपणात तसे गृहीत धरू नये. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील मातांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणाच्या मध्यात ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १५९ पेक्षा कमी होते, त्यांची दिवस भरलेली बाळे सरासरी सुमारे १५० ग्रॅमने हलकी होती, आणि त्यांच्यातील गोऱ्या मातांमध्ये कमी दिवसांची बाळंतपणे अधिक आढळली. फार जास्त कोलेस्टेरॉल असणाऱ्यांतही कमी दिवसांचे बाळ होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणजे धोका दोन्ही टोकांना आहे.

हा एकच अभ्यास आहे आणि तो आपल्या लोकांवर झालेला नाही. तरीही रिपोर्टला घाबरून तूप, दूध, शेंगदाणे, अंडी असे सगळे एकदम बंद करणाऱ्या घरांनी तो ध्यानात घ्यावा. आपल्या भागात अशक्त, रक्त कमी असलेली आणि पुरेसे वजन न वाढलेली गरोदर स्त्री पाहायला मिळणे काही नवीन नाही. तिचे ताट आणखी रिकामे केल्याने बाळाचे भले होत नाही.

कोलेस्टेरॉलची ही तपासणी (लिपिड प्रोफाईल) सगळ्यांनी करून घ्यावी का?

नाही. सरकारी दवाखान्यातील नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासणीत रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, साखर यांवर भर असतो, आणि ते योग्य आहे. लिपिड प्रोफाईल खासगी प्रयोगशाळेच्या 'पॅकेज'मधून अनेकदा न मागता येते. मात्र पुढील स्त्रियांनी दिवस राहण्यापूर्वी किंवा पहिल्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना विचारून ती करून घ्यावी: जिचे कोलेस्टेरॉल आधीपासून वाढलेले आहे, जिच्या वडिलांना, भावाला किंवा आईला तरुण वयात हृदयविकाराचा झटका आला आहे, जिला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा थायरॉइडची कमतरता आहे, आणि जिला मागच्या गरोदरपणात स्वादुपिंडाला सूज आली होती. थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल वाढते, त्यामुळे आकडा अनपेक्षित वाटल्यास टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पाहणे शहाणपणाचे ठरते.

सासर महाराष्ट्रात आणि माहेर बेळगावात. रिपोर्ट दोन ठिकाणी विभागले जातात, त्याने काही बिघडते का?

बिघडते, आणि सीमाभागात हे फार घडते. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे दिलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणाला खानापूर, येळ्ळूर किंवा निपाणीला येते. इकडची तिकडे जाते. महाराष्ट्रातील माता-बाल संरक्षण कार्ड एकीकडे राहते, इकडे कर्नाटकातील गरोदर मातांचे तायी कार्ड नव्याने काढले जाते, आणि पहिल्या तीन महिन्यांतले आकडे सासरच्या कपाटात राहतात. शेवटच्या महिन्यांत वाढलेले कोलेस्टेरॉल मूळचे की गरोदरपणाचे, हे ठरवायला नेमके तेच आकडे लागतात.

माहेरी येताना दोन्ही कार्डे, सगळे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाने बरोबर आणावीत. कन्नडमधील नोंदी वाचता येत नसतील तर आशाताईंकडून किंवा परिचारिकेकडून त्यांचा अर्थ विचारून घ्यावा; त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत होणारी मोफत गरोदर तपासणी ही केंद्राची योजना असल्यामुळे ती सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळते. बेळगावात जोखमीच्या गरोदर स्त्रीला जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, पाठवले जाते.

घराण्यातच कोलेस्टेरॉलचा त्रास आहे आणि आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होते. बाळाला धोका किती?

हा प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबांनी पुढील उत्तर नीट वाचावे, कारण कोलेस्टेरॉलच्या संदर्भात बाळाचा खरा धोका इथे आहे.

कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आनुवंशिक विकार जगभरात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला असतो. त्यात यकृत रक्तातील एलडीएल पुरेसे उचलत नाही आणि जन्मापासूनच पातळी वाढलेली राहते. गरोदर नसताना एलडीएल १९० च्या वर असणे, टाचेमागच्या शिरेवर किंवा हाताच्या सांध्यांवर पिवळसर गाठी येणे, आणि घरातल्या पुरुषांना ५५ पूर्वी किंवा स्त्रियांना ६० पूर्वी हृदयविकार होणे, या त्याच्या खुणा आहेत. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. दोघांनाही असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळेल. मग त्याचे कोलेस्टेरॉल ५०० च्याही पुढे जाते, लहानपणीच कातडीवर गाठी दिसतात आणि उपचार न झाल्यास हृदयविकार फार लवकर गाठतो.

आतेभाऊ-मामेबहीण किंवा मामा-भाची यांच्या लग्नात दोघांनाही एकाच पूर्वजाकडून तोच जनुक मिळालेला असण्याची शक्यता वाढते. नात्यातल्या लग्नांची पद्धत आपल्या भागात जुनी आहे आणि येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. घराण्यात तरुण वयातले हृदयविकार असतील तर नवरा-बायको दोघांचीही साधी लिपिड तपासणी गरोदरपणाआधी करावी, एवढेच सांगणे आहे. स्त्रीच्या तपासणीवर सारे लक्ष आणि नवऱ्याच्या रक्ताकडे कोणीच पाहत नाही, ही आपल्याकडची रीत या विकारात बाळाला महागात पडते.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना दिवस राहिले. आता काय करावे?

घाबरू नये, आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. स्टॅटिन गटातील गोळ्या गरोदरपणाचे नियोजन करताना साधारण ३ महिने आधी थांबवाव्यात असा सल्ला दिला जातो. परंतु नकळत घेतल्या गेल्या म्हणून गर्भपात करण्याचे कारण नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ८ लाख ८७ हजार गरोदरपणांच्या अभ्यासात, मधुमेहासारखी इतर कारणे लक्षात घेतल्यावर, पहिल्या तिमाहीत स्टॅटिन घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तेथील औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये या गोळ्यांवरील सर्वांत कडक इशारा काढला. तरी बहुतेक गरोदर स्त्रियांनी त्या थांबवाव्यात हा सल्ला कायम ठेवला. ज्यांना हृदयविकार झालेला आहे किंवा वर सांगितलेल्या आनुवंशिक विकाराचे तीव्र रूप आहे, त्यांच्याबाबत तज्ज्ञ वेगळा निर्णय घेऊ शकतात.

औषध द्यावेच लागले तर कोलेस्टायरामिनसारखी, आतड्यातच राहून काम करणारी औषधे निवडली जातात. त्यांच्यामुळे के जीवनसत्त्वाचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून जन्मल्यावर बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आहे ना, याची खात्री करावी.

तूप, कुंदा, करदंट, डिंकाचे लाडू बंद करावेत का?

तूप बंद करू नये, मोजून खावे. निरोगी गरोदर स्त्रीने भातावर, भाकरीवर मिळून दिवसाला दोन-तीन लहान चमचे साजूक तूप घेतल्याने बाळाचे काही बिघडत नाही. बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचे करदंट सणावारी थोडे खाण्यास हरकत नाही. पण डोहाळे म्हणून रोज आणून देणे हा साखरेचा भार आहे, आणि ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखरेचा वाटा तुपापेक्षा कमी नसतो. मधुमेह निघालेला असेल तर ते टाळावेच.

अंड्याविषयी विनाकारण भीती आहे. एका अंड्यात सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते हे खरे, परंतु खाण्यातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाने रक्तातील पातळी अधिक वाढते. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्णा योजनेखाली अंगणवाडीत गरोदर व बाळंतिणींना जे गरम जेवण मिळते, त्यात अंडे, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की असते. रिपोर्टवरचा शेरा पाहून सुनेला तिथे पाठवणे थांबवू नये. शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर स्त्रीला रोज सुमारे २२ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात, आणि ती अशाच पदार्थांतून येतात.

आपले जुने ताट या बाबतीत चांगले आहे: ज्वारीची भाकरी, मटकी-कुळथाची उसळ, पालेभाजी, शेंगाचटणी, जवसाची चटणी. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली खावी. टाळायचे ते वनस्पती तुपात तळलेले बेकरीचे पदार्थ, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी आणि लांबलचक उपवास.

नॉर्वेत २९० गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मासे, वनस्पतिजन्य तेले, भाज्या व फळे यांवर भर देणारा आहार निम्म्या स्त्रियांना दिला गेला. त्यांचे कोलेस्टेरॉल थोडे कमी राहिले आणि कमी दिवसांची बाळंतपणेही कमी झाली. नाळेतील रक्ताच्या कोलेस्टेरॉलमध्ये मात्र फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, पण चांगल्या आहाराने आई-बाळाचे नुकसान झाले नाही, एवढा दिलासा त्यातून नक्की मिळतो.

ट्रायग्लिसराइड किती झाले म्हणजे धोका?

५०० च्या वर गेल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली राहावे. १००० च्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आणि ती आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना होऊन ती पाठीकडे जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर 'पित्त झाले' म्हणून घरी थांबू नये. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

तळहाताला, तळपायाला खूप खाज येते. हे कोलेस्टेरॉलमुळे आहे का?

नाही. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना, विशेषतः रात्री, अशी खाज येत असेल तर तो यकृतातून पित्त नीट न वाहण्याचा विकार असू शकतो. त्याला कोलेस्टॅसिस म्हणतात आणि त्यासाठी लिपिड प्रोफाईल नव्हे, पित्ताम्लांची व यकृताची तपासणी करतात. पित्ताम्ले १०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. खोबरेल तेल लावून वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावे.

जन्मल्याबरोबर बाळाचे कोलेस्टेरॉल तपासावे का?

सामान्यतः नाही. नाळेतील रक्ताच्या आकड्यावरून वर सांगितलेला आनुवंशिक विकार खात्रीने ओळखता येत नाही. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो विकार असेल तर २ वर्षांनंतर तपासणी करतात. दोघांनाही असेल तर बालरोगतज्ज्ञांशी जन्मानंतर लवकरच बोलावे. इतर बाळांच्या बाबतीत पहिल्या दिवशी पाहायचे ते वजन, श्वास, रंग आणि दूध ओढण्याची ताकद. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला उबेत ठेवणे आणि वारंवार पाजणे यांचे मोल कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त आहे.

आईचे कोलेस्टेरॉल जास्त असताना अंगावर पाजावे का?

अवश्य पाजावे, जन्मानंतर पहिल्या तासातच. चिकाचे पिवळे दूध पिळून टाकू नये. आईच्या दुधात प्रत्येक डेसिलिटरमध्ये साधारण १० ते २० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि आईच्या खाण्याने ते फारसे बदलत नाही. डब्यातील दुधाच्या पावडरीत ते अगदी थोडे असते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे कोलेस्टेरॉल पहिल्या वर्षात थोडे जास्त राहते, पण मोठेपणी अशा व्यक्तींचे कोलेस्टेरॉल सरासरीने किंचित कमी आढळते. पाजल्याने आईचे ट्रायग्लिसराइडही लवकर उतरतात. स्टॅटिनची गोळी मात्र पाजण्याच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

बाळंतपणानंतर पुन्हा केव्हा तपासावे?

लगेच नको, वाढलेली पातळी खाली यायला काही आठवडे लागतात. दीड ते तीन महिन्यांनी, म्हणजे बाळाच्या लसीकरणासाठी दवाखान्यात जाल तेव्हाच, आईचीही उपाशीपोटी तपासणी करून घ्यावी. गरोदरपणात ज्यांच्या रिपोर्टवर शेरा आला होता, त्यांपैकी फार थोड्या स्त्रिया हे करतात. महिन्याभराने बाळंतीण सासरी परतते आणि तिची फाईल माहेरीच राहते. तेव्हाही एलडीएल १९० च्या वर निघाले, तर ते गरोदरपणाचे नव्हे, तिचे स्वतःचे आहे: तिला उपचार लागतील, आणि तिच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागेल. तो रिपोर्ट माहेर आणि सासर दोन्ही ठिकाणच्या फाईलमध्ये लावावा. पुढच्या गरोदरपणात डॉक्टर आधी तोच मागतील.